जुन्या फोर-व्हील पिकअपची उंची उतरविणें

ज्यांच्या दारीं पंधरा-वीस वर्षांची फोर-व्हील पिकअप उभी आहे, अशा अनेक बागाइतदार बंधूंचा एक प्रश्न अलीकडे वारंवार कानांवर येतो. गाडी फार उंच झाली आहे. चाळीस लिटरचा भरलेला दुधाचा कॅन हौद्यांत चढवितांना गड्याच्या कमरेंत चमक भरते. कडबा लादून ओढ्याच्या उताराला लागलें म्हणजे गाडी कलते आणि हांकणाराच्या पोटांत गोळा येतो. तेव्हां तिची उंची दोन-तीन इंच उतरवून घेतां येईल काय, आणि येत असल्यास पाटेवाल्यास नेमकें काय सांगावें? प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र एका ओळीचें नाहीं. दोनच चाकांनीं ओढणाऱ्या गाडीची उंची उतरविणें निराळें व चारहि चाकांनीं ओढणाऱ्या गाडीची निराळें. हिच्या पुढच्या चाकांसहि शक्ति पोंचवावी लागते. पुढचा एक्सल अखंड असल्यास त्याच्या पोटांत डिफरन्शियल असतें, आणि तें एंजिनाखालच्या मोजक्या मोकळ्या जागेंत वरखालीं होत असतें.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. शेतीच्या कामाची गाडी कारखान्यांतून निघतांना जेवढी उंच होती, तेथपर्यंत उतरविणें हिताचें आहे. त्याच्या खालीं जाऊं नये. यांत मालकाची फारशी निराशाहि होत नाहीं. कारण आज उंच वाटणाऱ्या जुन्या गाड्या पुष्कळदां कारखान्यानें उंच केलेल्या नसतात, मागाहून कोणीतरी केलेल्या असतात. दहा-बारा वर्षें ओझें वाहून पाटे आपली कमान सोडतात व गाडी मागें बसते. मालक पाटेवाल्याकडे जातो. नवा संच महाग, म्हणून तो आहे त्यांतच एक-दोन जादा पाटे घालून घेतो, किंवा जुन्याच पाट्यांची कमान वाढवून घेतो. कोणी शॅकल लांब बसवितो. कोणी एक्सल आणि पाटे यांच्यामध्यें लोखंडी ठोकळा घालतो. कोणी चिखलांत चाक रुतूं नये म्हणून मूळ मापाहून मोठे टायर चढवितो. एक गाडी दोन-तीन मालकांच्या हातून फिरली म्हणजे हीं सारीं कामें तिच्या अंगावर चढतात आणि शेवटच्या मालकास वाटतें, गाडी मुळांतच अशी आहे.

काम समजण्यासाठीं दोन उंच्या निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत. एक, जमिनीपासून एक्सलची. दुसरी, एक्सलपासून चेसिसची. पहिली उंची केवळ टायरावर अवलंबून असते, दुसरी पाट्यांवर. अखंड एक्सलच्या गाडीचे पाटे कितीहि उतरविले तरी डिफरन्शियलची पेटी जमिनीपासून होती तेवढीच वर राहते. म्हणून बांधाचा दगड पेटीला लागेल ही भीति पाटे उतरविण्यानें वाढत नाहीं. उलट टायर लहान घातल्यास पेटीच खालीं येते. टायराचा व्यास दोन इंच कमी झाला तर पेटी एक इंच उतरते. चाकोरींतील दगड व उसाच्या सरींचे वरंबे ज्यांच्या नित्य वाटेवर आहेत त्यांनीं हा भेद विसरूं नये.

हात घालण्यापूर्वीं मोजमाप करावें. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करावी, चारहि टायरांत ठरलेली हवा भरावी, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डाच्या कांठापर्यंतचें अंतर घ्यावें. जमिनीपासून मोजूं नये. टायरांची झीज व हवा त्या मापांत मिसळते. चारहि मापें वहींत लिहून ठेवावीं. उजव्या-डाव्या बाजूंत अर्ध्या इंचाहून अधिक फरक निघाला तर प्रश्न उंचीचा नसून तुटलेल्या किंवा बसलेल्या पाट्याचा आहे असें समजावें. मग खालीं वांकून पाटे मोजावे. दोहों बाजूंचे पाटे संख्येनें व जाडीनें सारखे आहेत काय? एखादा पाटा रंगानें, रुंदीनें किंवा टोंकाच्या घडणीनें निराळा दिसतो काय? तो बहुधा मागाहून आलेला पाहुणा असतो. टायराच्या बाजूवरचा आंकडा वाचून गाडीच्या पुस्तिकेंतील मापाशीं ताडून पाहावा. मूळ उंची किती, हें पुस्तिकेंत न मिळाल्यास त्याच सालची, कोणीं हात न लावलेली दुसरी गाडी शोधून तिचीं मापें घ्यावीं. पंचक्रोशींत अशी एखादी सांपडतेच.

सर्वांत महत्त्वाचें माप यापुढचें आहे. चेसिसखालीं, एक्सलच्या बरोबर वर, एक रबरी ठोकळा असतो. गाडी खड्ड्यांत आदळून एक्सल फार वर आला तर लोखंडावर लोखंड आपटूं नये, यासाठीं तो असतो. रिकाम्या गाडींत ठोकळा व एक्सल यांमधील अंतर किती, हें मोजावें. समजा, तें ५ इंच आहे. आणि हजार किलो माल भरल्यावर गाडी ३ इंच बसते. तेव्हां भरल्या गाडीस खड्ड्यांत खालींवर होण्यास २ इंच उरले. आतां कोणीं ती २ इंच उतरविली, तर भरलेल्या गाडीचा ठोकळा एक्सलवर टेकलेलाच राहील. पाटे नसल्यासारखेच! प्रत्येक धक्का सरळ चेसिसला बसेल, आणि कांहीं महिन्यांत चेसिसला, पाट्यांच्या कानाला किंवा हौद्याच्या आडव्या तुळ्यांना तडा जाईल. शहरांतील हौशी मनुष्य आपली गाडी बसकी दिसावी म्हणून उतरवितो, त्याच्या हौद्यांत ओझें नसतें. आपल्या हौद्यांत कांद्याच्या गोणी असतात. त्याचें पाहून आपण करूं नये.

जादा पाटे काढतांना आणखी एक हिशेब ध्यानांत घ्यावा. सारख्या जाडीचे सहा पाटे असतील आणि त्यांतला एक काढला, तर संचाचा ताठपणा सुमारें एक-षष्ठांशानें कमी होतो. वरच्याच उदाहरणांत, जी गाडी हजार किलोंना ३ इंच बसत होती ती ३.६ इंच बसूं लागेल. मागाहून घातलेला पाटा काढीत असाल तर हा तोटा नव्हे, मूळचा मऊपणा परत आला इतकेंच. परंतु मूळ संचांतलाच पाटा काढीत असाल तर तुम्ही गाडीची उंचीच नव्हे, तिची वहनशक्तिहि उतरवीत आहां. शिवाय पाटे दहा-बारा वर्षांचे असून जादा पाटा काढतांच गाडी मूळ मापाच्याहि खालीं बसली, तर जुने पाटे थकले आहेत हें सिद्ध झालें. अशा वेळीं मूळ मापाचा नवा संच घालणें हाच इलाज. खर्च होतो, पण तो एकदांच.

कमान कमी करण्याचें काम थंड अवस्थेंत, घणाखालीं किंवा दाबयंत्रांत, हळूहळू झालें पाहिजे. कांहीं ठिकाणीं गॅसच्या ज्योतीनें पाटा लाल करून सपाट करितात. हें कधींहि करूं देऊं नये. पाट्याच्या पोलादाचा ताव कारखान्यांत ठरलेल्या उष्णतेवर तापवून, तेलांत विझवून व पुन्हा मंद तापवून साधलेला असतो. ज्योतीखालीं तो एका जागीं नष्ट होतो. ती जागा मऊ पडते, आणि शेजारची जागा ठिसूळ होण्याचा संभव असतो. विळ्याचें पातें चुलींत पडलें तर त्याची धार कशी जाते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना अधिक सांगण्याची जरूर नाहीं. आमच्या पाहण्यांतील असा एक पाटा तीन महिन्यांतच ताव गेलेल्या जागीं तुटला. सुदैवानें गाडी त्या वेळीं खळ्यावर उभी होती.

शॅकलची लांबी बदलली तर एक्सलपाशीं तिच्या निम्म्यानेंच फरक पडतो, कारण पाट्याचें एकच टोंक सरकतें. दोन इंच लांब शॅकल कोणीं बसविला असेल तर तो काढून मूळचा बसवितांच गाडी एक इंच उतरेल. पुढच्या बाजूस मात्र याचा दुसराहि परिणाम होतो: पाट्याचें एक टोंक वरखालीं झालें कीं एक्सल स्वतःभोंवतीं थोडा फिरतो आणि चाकांचा मागें झुकलेला कल बदलतो. हा कल कमी झाला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाहीं, आणि वेगांत गाडी रस्ताभर भटकते. पुढील शॅकलची लांबी मूळची असणें यासाठींच अगत्याचें आहे.

लोखंडी ठोकळ्याविषयीं पाटे कोठें आहेत तें आधीं पाहावें. पाटे एक्सलच्या वर असतील तर मधला ठोकळा गाडी उंच करतो. पाटे एक्सलच्या खालीं असतील (जुन्या विलीस जीपच्या घराण्यांतील गाड्यांत असे असतात) तर तोच ठोकळा गाडी उतरवितो. मागच्या एक्सलला एखादा घट्ट बसणारा ठोकळा चालून जातो. पुढच्यास कोणत्याहि हेतूनें घालूं नये. जोरानें ब्रेक लागतांच पुढचा एक्सल पिळला जातो, आणि ठोकळ्यामुळें त्या पिळाला लांब दांड्याचा जोर मिळतो. वरचे पाटे एक्सलखालीं घेऊन गाडी पांच-सहा इंच उतरविण्याची युक्ति कोणी सुचवील. फोर-व्हील गाडीच्या पुढच्या बाजूस ती करणें म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीनें एंजिनाचें तेलपात्र फोडून घेणें होय.

गाडी मूळ उंचीस आणली असतां शाफ्टास बरें वाटतें, हा या कामाचा मोठा फायदा. उंच केलेल्या गाडींत गिअर-पेटीपासून एक्सलकडे जाणारा शाफ्ट अधिक तिरपा होतो. त्याच्या दोन्ही टोंकांचे क्रॉस लवकर झिजतात व गाडी कांपूं लागते. उतरविल्यावर तिरपेपणा कमी होतो. परंतु दोन गोष्टी तपासाव्या. पहिली, मागच्या मालकानें उंचीसाठीं शाफ्ट लांब करून घेतला होता काय? असेल तर गाडी उतरून एक्सल वर आला म्हणजे शाफ्टाचा सरकता सांधा आंत शेवटपर्यंत जाऊन भिडेल आणि धक्का गिअर-पेटीच्या बेअरिंगवर बसेल. दुसरी, एक्सल व पाटे यांमध्यें लोखंडी पाचर घातली आहे काय? ती उंच गाडीचा कोन जुळविण्यासाठीं असते. गाडी उतरली कीं तिचें काम उलटें होतें, म्हणून ती काढावी. शॉक अॅब्सॉर्बरहि असेच पाहावे. उंच गाडीस लांब शॉक बसविलेले असतील, तर उतरविल्यावर ते रबरी ठोकळ्याआधींच पूर्ण मिटतील व आपली खुंटी मोडतील.

सर्वच गाड्यांस पुढें पाटे नसतात. टोयोटाच्या अमेरिकेंत विकल्या गेलेल्या फोर-व्हील पिकअपला १९८५ पर्यंत पुढें अखंड एक्सल व पाटे होते; १९८६ च्या नमुन्यापासून दोन्ही चाकें स्वतंत्र झालीं आणि पाट्यांच्या जागीं पिळाची सळई आली. अशी सळई असणाऱ्या गाड्या आपल्याकडेहि आहेत. तिच्या टोंकाचा बोल्ट सैल केला कीं पुढची बाजू उतरते. काम इतकें सोपें दिसतें कीं कोणीहि पाना घेऊन बसतो! पण सळईंत मोठा ताण असतो. चाकांवरचें वजन काढून, चेसिसखालीं भक्कम घोडे लावूनच बोल्टास हात लावावा, किती फेरे फिरविले तें लिहावें, दोहों बाजूंस उंची सारखी आणावी, आणि शेवटीं चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें. तें न केल्यास टायर एका कांठानें झिजतात.

टायर मूळ मापाचे परत घालतांना चारहि एकाच मापाचे व शक्यतों सारख्याच झिजेचे असावे. या जुन्या गाड्यांपैकीं बहुतेकांत फोर-व्हील लावल्यावर पुढचा व मागचा शाफ्ट एकत्र जखडले जातात. पुढचीं चाकें लहान व मागचीं मोठीं असलीं तर त्यांचे फेरे जुळत नाहींत; चिखलांत तीं घसरून हिशेब भागवितात, परंतु डांबरी रस्त्यावर सारा ताण गिअर-पेटीस सोसावा लागतो.

आतां ज्या गोष्टीनें आम्हांस स्वतःस धडा दिला ती सांगतों. पुष्कळ पिकअपना मागच्या ब्रेकसाठीं एक वजन ओळखणारा वॉल्व्ह असतो. एका बारीक दांडीनें तो एक्सलशीं जोडलेला असतो. चेसिस खालीं आली कीं गाडी भरली आहे असें समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो; चेसिस वर असली कीं गाडी रिकामी समजून कमी देतो. आमच्या गाडीचे दोन जादा पाटे आम्हीं काढविले, मापें जुळलीं, आम्ही खूष झालों. पूर्वींच्या मालकानें उंच गाडीस जुळावी म्हणून ही दांडी वांकवून घेतली होती, हें मात्र कोणीं पाहिलें नाहीं. काम करणाऱ्यानें नाहीं आणि आम्हींहि नाहीं. गाडी उतरतांच वॉल्व्ह तिला सदा भरलेली समजूं लागला. मृगाच्या पहिल्या पावसांत बाजाराहून रिकामी परत येतांना एक शेळी आडवी आली, ब्रेक दाबला, मागचीं चाकें जागच्या जागीं अडकलीं आणि गाडी फिरून चरांत गेली. शेळी वांचली, हौद्यांतला गडीहि वांचला. पण तो हौद्यांतून बाहेर फेंकला कसा गेला नाहीं याचें आम्हांस अद्याप नवल वाटतें. दांडी सरळ करून पुस्तिकेप्रमाणें लांबी जुळविण्यास दुसऱ्या दिवशीं अर्धा तासहि लागला नाहीं.

कायद्याचीहि बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकास करितां येत नाहीं; आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. कारखान्यानें ठरविल्यापेक्षां खालीं नेलेल्या गाडीस अपघात झाला तर विमा कंपनीस हरकत घेण्यास जागा मिळते. मूळ मापाचे पाटे व टायर परत बसविण्यांत ही अडचण येत नाहीं.

राहतां राहिला कलण्याचा प्रश्न. गाडी कोणत्या कोनास उलटेल हें दोन गोष्टींवर ठरतें: चाकांमधील निम्मी रुंदी, आणि ओझ्यासह तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे ती उंची. निम्मी रुंदी २८ इंच धरूं. कडबा उंच लादून गुरुत्वमध्य ४८ इंचांवर गेला, तर सुमारें ३० अंशांच्या उतारावर गाडी उलटेल. पाटे-टायर लवतात म्हणून प्रत्यक्षांत त्याहून आधींच. आतां गाडी दोन इंच उतरविली; गुरुत्वमध्य ४६ वर आला; कोन झाला सुमारें ३१. एवढा खटाटोप करून एका अंशाची कमाई! तोच कडबा दोन खेपांत नेला व गुरुत्वमध्य ४० इंचांवर ठेवला तर कोन ३५ अंशांवर जातो. म्हणून ओढ्याच्या उताराची भीति ज्यांना आहे त्यांनीं पाट्यांपेक्षां पेंढ्यांच्या थरांकडे पाहावें. दुधाच्या कॅनासाठींहि असाच उपाय आहे. गोठ्याजवळ हौद्याच्या उंचीचा दगडमातीचा धक्का बांधावा, एका बाजूस त्याला उतरण द्यावी, आणि गाडी मागें घेऊन फाळका त्यावर टेकवावा. मग कॅन उचलावा लागत नाहीं, फिरवीत नेतां येतो. गाडी विकली तरी धक्का आपल्याजवळच राहतो.

ज्यांनीं काम करविण्याचें ठरविलें आहे त्यांनीं पाटे सोडविण्याच्या दिवशीं स्वतः हजर राहावें. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखालीं कोणास शिरूं देऊं नये. चेसिसखालीं घोडे हवेतच. मधला बोल्ट काढण्यापूर्वीं पाट्यांचा संच शिकंज्यांत आवळलेला असावा, नाहींतर दाबलेले पाटे उसळून हात मोडतो. यू-बोल्ट दर वेळीं नवे घ्यावे; एकदां ताणलेल्या आट्यांवर पुन्हा भरंवसा ठेवूं नये. शॅकलचे रबरी बुश असणारे बोल्ट गाडी जमिनीवर उभी राहिल्यावर शेवटचे आवळावे, अधांतरीं आवळल्यास रबर पिळलेलें राहून लवकर फाटतें. ब्रेकच्या नळ्या कोठें घासत नाहींत ना, दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जात नाहीं ना, हें पाहून घ्यावें. गाडी आधीं रिकामी व मग भरून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून पाहावी. दोन-तीनशें किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावे, चारहि चाकांपाशींचीं मापें नव्यानें घेऊन पूर्वींच्या मापांशेजारीं लिहावीं, आणि ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी; पुढच्या वेळीं पाटे बसले कीं नाहीं, तें तिजवरूनच कळेल.